टोचलेली अक्षरं

४ मार्च, दुपारी

बारके,

हे पत्र तू उघडशील की नाही, माझी काळजी इथूनच सुरू होते. पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. आधी ती देईना. मग दिला, पण "मी दिला असं सांगू नका" म्हणाली. तेव्हा तिने दिला नाही असंच समज.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, डाव्या डोळ्यावर साय धरल्यासारखं होतं. शिडीवर चढणं सोडून दोन वर्षं झाली. तशीही पाट्या आता कोण रंगवून घेतो? प्लास्टिकच्या कापडावर छापून आणतात, सकाळी सांगितली की संध्याकाळी दुकानावर टांगलेली. चपलेचं दुकान असो की दाताचा दवाखाना, सगळ्यांची अक्षरं एकाच साच्यातली.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. एका कागदावर तुझी सही हवी आहे. घाबरू नकोस, घराचं किंवा पैशाचं काही नाही.

लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे असायचे, तिथे एक हॉल केला आहे. खाली दाराशी कागद लावलेला होता: "मशीनची भीती वाटते त्यांनी आधी यावं." मी म्हटलं, हे तर मलाच बोलावणं. वर गेलो. तिथे एक बाई शिकवते. तिशीची असेल, पण चष्मा आजीबाईचा. मी तिला मास्तरीण म्हणतो, ती मला काका म्हणते. मशीन म्हणजे नुसता पडदा, आणि टेबलावर वरून बघणारा एक डोळा. त्याला जे दाखवाल ते शिकतं आणि मग तसंच नवं करून दाखवतं.

मास्तरीण म्हणाली, "काका, ह्याला आजवर फक्त साहेब लोकांनी शिकवलंय. त्यामुळे ह्याला वाटतं, जगात तेवढेच लोक आहेत. ज्यांना कधी कोणी विचारलं नाही, त्यांनी इथे पुढच्या खुर्चीवर बसायचं."

तिचा नियम असा की आपलं हत्यार मशीनशेजारी टेबलावर ठेवायचं. एक वाद्यं दुरुस्त करणारे आंधळे गृहस्थ येतात, ते आपला चिमटा ठेवतात. एक शिंपीण येते, ती कात्री ठेवते. एक खांदा खाली असलेल्या, पाय आखूड असलेल्या माणसांचे कपडे ती बेतते. मशीनला फक्त सरळ माणसं माहीत होती. तिने महिनाभर त्याला वाकडी माणसं दाखवली, तेव्हा कुठे ते शहाणं झालं. तिची जीभ कात्रीपेक्षा धारदार. पहिल्या दिवशी मी दाराशीच घुटमळलो तर म्हणाली, "पेंटर, मशीन आहे, सासरा नाही. बसा."

मी ब्रश ठेवला. मास्तरीण म्हणाली, तुमच्या अक्षरांचं काही जुनं काम आहे का? म्हणून ती पत्र्याची पेटी उघडली. त्यातले टोचलेल्या अक्षरांचे खाके दिले. एकशे चाळीस भेंडोळी निघाली.

आता सहीचं. मशीनला काही द्यायच्या आधी तिथे एक कागद भरावा लागतो. तीन रकाने आहेत. हे कोणी केलं? मदत कोणी केली? कोणाला विचारायला हवं? पहिल्यात मी माझं नाव लिहिलं. दुसरा सोडला. तिसऱ्यात काहीतरी लिहायला हवं म्हणून तुझं नाव लिहिलं. पुढच्या महिनाअखेर सगळ्यांचं काम लोकांना दाखवणार आहेत, माझ्या अक्षरांना माझं नाव देणार आहेत. सोबतच्या कागदावर तेवढी सही करून पाठव. तिकीट लावलेलं पाकीट घातलं आहे.

स्वयंपाकघरात हल्ली दुपारचा टुक टुक असा आवाज येतो. नळ दोनदा बदलला.

तुझे बाबा

१९ मार्च

बारके,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं समजून पुन्हा लिहितो. पोचलं असेल तरी पोचलं नाही असंच समजतो, ते मला सोपं जातं.

इथे थोडा घोटाळा झाला आहे. तुझ्या कानावर दुसरीकडून जाण्यापेक्षा मीच सांगतो.

खाका म्हणजे काय हे तुला सांगायला नको, पण मास्तरणीला सगळं पहिल्यापासून समजावून द्यावं लागलं. आधी अक्षर कागदावर पेन्सिलीने काढायचं. मग त्या रेघेवरून सुईने जवळजवळ भोकं पाडत जायचं. कागद पाटीवर चिकटवायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची. कागद काढला की पाटीवर ठिपक्याठिपक्यांचं अक्षर. त्यात रंग भरला की झालं. कागदाची पेन्सिलची बाजू गुळगुळीत असते, आणि सुई बाहेर पडते ती मागची बाजू खडबडीत. अंधारातही बोटाला कळते.

तर मशीनच्या डोळ्यासमोर मी कागद ठेवले ते खडबडीत बाजू वर करून. वय झालं की असं होतं. मशीन तीन दिवस ते बघत राहिलं आणि मग जे काढून दाखवलं, ते सगळं उलटं. शिंपीण म्हणाली, "पेंटर, हे आरशात बघून वाचायचं का?"

मी खाली चहा प्यायला गेलो होतो तेवढ्यात मास्तरणीने भेंडोळी पालथी करून पुन्हा डोळ्याखाली घातली. वर आलो तर सगळे पडद्यासमोर उभे. कागदाच्या कडेला पेन्सिलीने बारीक लिहिलेलं आता माणसाएवढं मोठं दिसत होतं, आणि शिंपीण आंधळ्या गृहस्थांना ते मोठ्याने वाचून दाखवत होती.

"अहो, इथे घाई करू नका. वळणावर तुमचा हात घसरतो."

"रंग घट्ट झालाय, आधी ढवळून घ्या."

"मागच्या वेळी शेपटी जाड केलीत. ह्यावेळी सुईची रेघ सोडून बाहेर जायचं नाही."

सगळे हसत होते. वाईट हेतूने नाही. शिंपीण म्हणाली, "पेंटर, कोण हो हे तुम्हाला एवढं झापतंय?"

मी म्हटलं, "माझे गुरुजी."

तोंडातून गेलं. मास्तरीण तर खूशच झाली. म्हणाली, "काका, मग पहिल्या रकान्यात त्यांचं नाव हवं. अक्षरं त्यांनी काढली, तुम्ही भरली. काय नाव त्यांचं?"

मी म्हटलं, आठवत नाही. फार जुनी गोष्ट.

"कुठले होते?"

"इथलेच. गेले."

शिंपीण टाचण्या ओठांत धरून कापड बेतत होती. तिने टाचण्या काढल्या, एकेक करून उशीला टोचल्या आणि म्हणाली, "माझ्या सासऱ्यांनी पंचवीस वर्षं मला शिवणकाम शिकवलं, पण 'ए' सोडून कधी हाक मारली नाही. तुमचे गुरुजी शिष्याला 'अहो' म्हणायचे. फारच सभ्य माणूस दिसतो."

कोणी हसलं नाही. आंधळ्या गृहस्थांनी मान माझ्याकडे वळवली. डोळे असते तर बरं झालं असतं, मी नजर तरी चुकवली असती.

सही अजून नको करूस. कागद बदलावा लागेल बहुतेक.

बाबा

२ एप्रिल

बारके,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "आईला विचारलंत?"

अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. मी ते कार्ड खिशात घालून फिरतो आहे. घाम लागून शाई पसरेल म्हणून आता प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आहे.

तू असा प्रश्न टाकशील हे मला माहीत होतं. म्हणूनच पहिल्या पत्रात मी पेटी कोणाची ते लिहिलं नाही. आणि कागद मी चुकून उलटे ठेवले नव्हते, बारके. चाळीस वर्षं खाका लावलेल्या माणसाची बाजू चुकत नाही. कडेला पेन्सिलीने लिहिलेलं कोणाला दिसू नये म्हणून ठेवले.

पुढचं सांगतो. मशीनला काही अक्षरं कमी पडत होती. मास्तरीण म्हणाली, काका, तेवढी तुम्ही इथे बसून काढून द्या. मी बारा अक्षरं काढली. अख्खी दुपार गेली. मी पाटीवर हजारो अक्षरं रंगवली, पण कोऱ्या कागदावर, ठिपक्यांशिवाय, आयुष्यात कधी काढलं नव्हतं. मला चौथीनंतर शाळा नाही हे तुला ठाऊकच आहे. मुळात मला अक्षर नीट वाचायच्या आधी भरायला आलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली, हळू आवाजात म्हणाली, "काका, मशीनने तुमच्या कामाचे आपोआप दोन ढीग केलेत. त्याचं म्हणणं, इथे दोन हात आहेत."

मोठा ढीग एकशे चाळीस भेंडोळ्यांचा. छोटा ढीग बारा अक्षरांचा.

मी म्हटलं, "वयामुळे हात बदलतो."

ती म्हणाली, "बदलतो ना." एवढंच म्हणाली. ही मुलगी भांडत नाही, तेच वाईट.

आता जे सांगतो त्याला हसू नकोस. तुझी आई प्रत्येक अक्षराच्या पोटाला खाली एक फट ठेवायची. सुतळी जाईल एवढी. तिथे सुई थांबायची आणि दोन भोकांची जागा सोडून पुढे निघायची. मी विचारलं तर म्हणायची, "श्वास घ्यायला जागा नको का त्याला?" गिऱ्हाइकं म्हणायची, पेंटर, इथे रंग राहिलाय. म्हणून मी प्रत्येक पाटीवर ती फट बुजवली. गावभर एका पाटीवर ती फट शिल्लक नाही.

मशीनने पाट्या बघितल्याच नाहीत. त्याने कागद बघितले. परवा मास्तरणीने त्याला असे शब्द सांगितले, जे तुझ्या आईने कधी काढले नव्हते. तिच्या वेळी नसलेल्या वस्तूंची नावं. पडद्यावर ते एकेक अक्षर उमटत गेलं आणि प्रत्येकाच्या पोटाला खाली फट. जे तिने कधी काढलंच नाही, त्यातही. मी पडद्यापासून खुर्ची मागे सरकवली. ती जाऊन अकरा वर्षं झाली आणि कोणीतरी भर दुपारी, सगळ्यांच्या समोर, तिच्या हाताने नवं अक्षर काढत होतं. मास्तरीण विचारत होती, "काका, पाणी देऊ?" आणि मला वाटत होतं, आता कडेला पेन्सिलीने काही उमटलं तर काय करू.

घरी आल्यावर तू सांगितलंस तसं केलं. विचारलं. स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीसमोर बसलो. ती जिथे उशी ठेवून त्यावर कागद टोचायची, ते टेबल अजून तिथेच आहे, लाकडात बारीक भोकं आहेत. मी म्हटलं, "अगं, तुझे कागद देऊ का त्यांना?"

टुक टुक थांबलं. ह्याचा अर्थ काय घ्यायचा? हो की नाही? तिचं हेच होतं. रागावली की सुई थांबायची, आणि आनंद झाला तरी थांबायची. मला कधी फरक कळला नाही.

तुला कळायचा.

बाबा

११ एप्रिल

बारके,

आज मनात आहे ते एका दमात लिहितो. थांबलो तर पुन्हा गुरुजी निघतील कुठूनतरी.

काल हॉलमध्ये मी उभा राहिलो. पडदा बंद होता, सगळे आपापल्या कामात. मी म्हटलं, जरा ऐका. शिंपीण म्हणाली, "पेंटर भाषण करणार, कात्र्या खाली ठेवा." मग माझा चेहरा बघून तिने स्वतःची कात्री खाली ठेवली.

मी सांगितलं की गुरुजी कोणी नव्हते. अक्षरं माझ्या बायकोची. ती घरात कागदावर काढायची, टोचायची, गुंडाळून माझ्या पिशवीत घालायची. मी बाजारात जाऊन रंग भरायचो आणि वर सही माझी करायचो. तिने कधी पाटीला हात लावला नाही, म्हणून मी रंगवल्या म्हणायचो ते अगदी खोटंही नव्हतं. त्या आडोशाला मी चाळीस वर्षं उभा राहिलो.

मास्तरणीने मला कोरा कागद दिला. पहिल्या रकान्यात मी तुझ्या आईचं नाव लिहिलं. दुसऱ्यात माझं. "मदत कोणी केली" ह्याच्या पुढे. मदत काय केली असंही त्याच रकान्यात खाली विचारलेलं असतं, तिथे लिहिलं: रंग भरला.

शिंपीण म्हणाली, "आणि फटी बुजवल्या, तेही लिहा." लिहिलं.

आता तुझ्याशी बोलायचं ते. तुझी आई गेली त्या आठवड्यात घर माणसांनी भरलं होतं. कोणीतरी म्हणालं, पेंटर, काही म्हणा, तुमच्या अक्षरांना तोड नाही. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. तू म्हणालीस, "अक्षरं आईची आहेत." मोठ्याने म्हणालीस. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हटलं, "ती नुसती भोकं पाडायची."

हे मी तेव्हापासून कोणाला सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतीस. पण मी म्हटलं होतं हे मला आठवतं, एवढं तुला कळावं. कधी कधी तुला वाटत असेल की म्हातारा विसरला असेल. नाही विसरलो. त्या टेबलावर टुक टुक होतं तेव्हा मला तेच वाक्य ऐकू येतं. टोचायला तिला जितका वेळ लागायचा, तितका वेळ ते चालतं.

तू त्या संध्याकाळी बॅग भरलीस. मी थांब म्हटलं नाही. वाटलं, गेली तर बरं, आता कोणी साक्षीदार नाही.

तिला विचारण्यासाठी मी आणखी एक केलं. सगळ्या भेंडोळ्यांच्या कडा वाचून काढल्या. मला वाचायला वेळ लागतो, आठ दिवस लागले. कुठेतरी "हो" सापडेल म्हणून शोधत होतो. बहुतेक ठिकाणी मला दटावणंच आहे. एका ठिकाणी, औषधाच्या दुकानाच्या खाक्यावर, असं आहे: "ही पाटी फार उंच लावू नका. मला रस्त्यावरून वाचता यायला हवी."

मी ती उंच लावली होती. आणि ती बघायला येते म्हणाली तेव्हा मी म्हटलं होतं, बाजारात तुझं काय काम. ती एकही पाटी बघायला आली नाही. तिची अक्षरं रस्त्यावर कशी दिसतात हे तिने कधी पाहिलं नाही, बारके. मी दर संध्याकाळी घरी येऊन सांगायचो, छान झाली.

ती ओळ म्हणजे "हो" आहे असं शिंपीण म्हणते. मास्तरीण म्हणते, काका, हे आपण नाही ठरवायचं. तिसऱ्या रकान्यात तुझं नाव आहे. तू जे सांगशील ते होईल. हो म्हणालीस तर तिच्या नावाने ती अक्षरं सगळ्यांसाठी मोकळी होतील, कोणीही मशीनला सांगून तिच्या हाताने लिहू शकेल. नाही म्हणालीस तर मशीनमधून काढून टाकतील. मला काय हवं ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर ते पुन्हा माझंच होईल.

उत्तर दे. रागाने दिलंस तरी चालेल.

बाबा

३० एप्रिल

बारके,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी होत्या, म्हणजे मागच्यापेक्षा तीन जास्त. त्या मी मास्तरणीला वाचून दाखवल्या, माझ्या तोंडूनच. "तिला पाट्या बघायच्या होत्या. मशीनला शिकवायचं होतं की नाही, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. न विचारता तिचं पुष्कळ घेऊन झालं. म्हणून नको."

शिंपीण माझ्यावर तुटून पडली. म्हणाली, "एवढ्या वर्षांनी ती बाई पहिल्यांदा कोणाला दिसली, आणि तुम्ही तिला परत पेटीत घालता? लेकीला समजावा की. बाप आहात ना?"

मी म्हटलं, "बाप आहे म्हणूनच समजावत नाही. आजवर मीच समजावत आलो."

ती खूप वेळ कापड कापत राहिली. मग म्हणाली, "बरोबर आहे तिचं. पण मला आवडलं नाही, एवढं लिहून ठेवा." म्हणून लिहिलं.

मास्तरणीने माझ्यादेखत ते काढलं. मी विचारलं, हे खरंच विसरतं का? माणूस नाही विसरत. ती म्हणाली, "म्हणून तर रकाना मशीनला द्यायच्या आधी भरून घ्यायचा असतो, काका. चूक माझी. मी तुमच्या मुलीचं उत्तर यायच्या आधीच सुरुवात केली." तिच्या चष्म्याआड पाणी आलं होतं. मग तिने सांगितलं की नुसता मोठा ढीग काढून भागणार नाही, मशीनला तो बघायच्या अगोदरच्या ठिकाणी परत नेऊन पुन्हा शिकवावं लागेल. दोन दिवस लागले. मोठा ढीग गेला. पडदा रिकामा झाला तेव्हा मी तिथेच बसून होतो. कोणाला तरी दुसऱ्यांदा पोचवायला आल्यासारखं वाटलं. ह्यावेळी मी तोंडातून काही वेडंवाकडं काढलं नाही.

आता राहिली माझी बारा अक्षरं. मास्तरीण म्हणाली, काका, तुम्हालाही नको असेल तर आपण हे सोडून देऊ. मी म्हटलं, नको, ती माझी आहेत, त्यांना विचारायला दुसरं कोणी नाही. मशीन ती शिकलं आणि बाकीची त्याने स्वतः काढली. तू बघितली असतीस तर हसली असतीस. पोटं सुजलेली, शेपट्या घाबरलेल्या, एक अक्षर पुढे वाकलेलं, शेजारचं मागे. वळणावर प्रत्येक ठिकाणी हात घसरलेला. तिने लिहिलं होतं तसाच. शिंपीण म्हणाली, "तुमच्या अक्षरांना माझ्याकडे आणा, एकेक खांदा उचलून देते." पण मग तिनेच तिच्या दुकानाच्या पावतीपुस्तकासाठी ती मागून घेतली. म्हणाली, माझ्या गिऱ्हाइकांना आपल्यातली वाटतील.

काल लोकांना दाखवलं. भिंतीवर माझं नाव आणि खाली ती वेडीवाकडी अक्षरं. बरीच माणसं आली. आंधळ्या गृहस्थांच्या टेबलाभोवती गर्दी होती, माझ्याकडे कमी. लोक बघायचे, काही बोलायचं म्हणून "वेगळी आहेत" म्हणायचे आणि पुढे जायचे. मला बरं वाटत होतं. का ते मला सांगता येत नाही. इतकी वर्षं माझी स्तुती झाली, एकदाही अंगाला लागली नाही.

सगळी भेंडोळी ह्या पत्रासोबत पार्सलने पाठवली आहेत. मोजून घे, एकशे चाळीस. एकही मागे ठेवलं नाही. एक ठेवावंसं वाटलं होतं, औषधाच्या दुकानाचं, पण तेही आत आहे. ओल लागू देऊ नकोस. माझी काळजी तुला माहीत आहे, दोन कापडं गुंडाळून वर मेणकागद लावला आहे.

एक सांगायचं राहिलं. चष्म्याच्या दुकानाचे म्हातारे मालक आले होते. त्यांच्या पाटीला तीस वर्षं झाली, अजून आहे. त्यांना कानाने फारच कमी ऐकू येतं. माझ्या अक्षरांसमोर ते पुष्कळ वेळ उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, घातला. मग दुकानात बोलतात तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेंटर, हे काय? तुमची ती आमच्या पाटीवरची अक्षरं कुठे गेली?"

हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. तशीच, त्या दिवशी घरात बघत होती तशी.

मी म्हटलं, "ती माझी नव्हती."

"काय?"

"माझी नव्हती म्हटलं. बायकोची होती."

"बायकोची? नाव काय त्यांचं?"

मी तुझ्या आईचं नाव सांगितलं. लग्नाआधीचं, नंतरचं, पूर्ण. तोंडाला सवय नव्हती, मध्ये अडकलं. त्यांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, ऐकू आलं नाही. मग मी आणखी मोठ्याने सांगितलं.

तुझे बाबा